गाळ

रात्रशाळेत तिसऱ्या बाकावर बसते हुरमतबी.
वय विचारलं तर म्हणते, देवीच्या साथीआधीची.
गालावर, नाकावर, पापणीच्या कडेलाही
बारीक खळगे,
ओल्या वाळूतून चिमण्या चालत गेल्यासारखे.

दिवस उजाडायच्या आत ती सराफ बाजारात असते.
पेढ्यांच्या पायऱ्या, गटारीचं तोंड,
कारागिरांच्या माड्यांखालची धूळ
ताठ कुंच्याने ओढून घमेल्यात भरते,
गोदावरीवर नेऊन धुते.
माती जाते, केस जातात, विड्यांची थोटकं जातात,
राहतं ते पाऱ्याला चिकटतं.
आम्ही झारेकरी, म्हणते,
तुमच्या हातून सुटलेलं आमचं.

आज धडा होता सरोवरातल्या शहराचा.
फळ्यावर मी पाणी काढलं, पाण्यात शहर,
शहराला बांध, बांधांवर पूल.
समुद्राकडून दाढीवाले आले, घोडे आले.
लोकांना वाटलं देवच आले,
असं जिंकणाऱ्यांनी मागाहून लिहिलं.
हुरमतबीने हात वर केला नाही, कधीच करत नाही.
"मग आलं कोण?"
माणसंच, म्हटलं,
आणि त्यांतल्या एकाच्या अंगात ताप होता, अंगावर फोड.
तोंडून निघून गेलं :
देव नाही, देवी आल्या.

पंखा तेवढा फिरत राहिला.
तिने पदर गालावर ओढला नाही.
"दाराला लिंब कुणी बांधला नसेल," म्हणाली,
"झाडच नसेल तिथे.
आमच्या अम्माने बांधला होता.
धाकटा गेलाच तरी."

मी घाईने सोन्याकडे वळले.
जीभ हलणारा पोपट घडवायचे ते,
मासा, ज्याचं एक खवलं सोन्याचं, एक चांदीचं.
पाहुण्यांनी सगळं भट्टीत लोटलं, विटा पाडल्या.
"गलाई," ती म्हणाली.
"घडणावळ शून्य धरली."

मग त्यांच्या पळण्याची रात्र.
पूल काढून टाकलेले,
जाकिटात, बुटात सोनं कोंबलेलं,
ज्याच्याजवळ जास्त तो आधी तळाला.
पंचवटीचा हमाल तुळशीदास खदखदून हसला.
मी म्हटलं, थांब, परत आले ते पुढच्या वर्षी.
पिण्याच्या पाण्याचा पाट फोडला,
पंचाहत्तर दिवस वेढा.
घरात मढी होती, उचलायला माणूस नव्हता.
तुळशीदासने वही मिटली.

हुरमतबी अजून तळ्यातच होती.
"तो गाळ कुणी धुतला?"

कुणीच नाही. तळं बुजवलं, वर शहर उठवलं.
साडेचारशे वर्षांनी पाया खणताना
एका मजुराला एक वीट लागली,
वाकलेली, दोन किलोला थोडी कमी.
तिने बोटांच्या पेरांवर हिशेब केला.
"एकशे पासष्ट तोळे.
मजुराला काय दिलं?"
ते पुस्तकात नव्हतं.

पहाटेच्या गाडीला निघाले तेव्हा
बाजारात ती ओणवी होती, कंदील गटारीच्या काठावर.
मला बघून मूठ उघडली :
कुणाच्या तरी कुड्याची फिरकी, डाळीएवढी,
आटे अजून शाबूत.

"बाई, त्या विटेत
असले कान किती असतील?"

उत्तरासाठी ती थांबली नाही.
फिरकी दाताखाली दाबून पाहिली,
मग टाकली घमेल्यात, गाळासोबतच.
पोरं दुकानं झाडायला यायच्या आत
तिची अजून एक गल्ली राहिली होती.