रकाना क्रमांक नऊ

नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले.
घोरपडीहून, दिघीहून, खडकीच्या चाळींतून
माणसं येतात, आपण जिवंत आहोत हे सांगायला,
आणि यंत्र म्हणतं, बोट पुन्हा ठेवा.
झिजलेले अंगठे ओल्या रुमालाने पुसून
मी पुन्हा ठेवते.

बहुतेक पायदळाचे. एखादा तोफखान्याचा.
म्हणून मुरारी शेडगे लक्षात राहिले.
घाट उतरल्याशिवाय समुद्र नाही अशा गावात
आरमाराचा माणूस,
तोही जहाजावरचा नव्हे,
जहाजावरच्या विमानांचा.

‘रकाना नऊ,’ मी म्हटलं, ‘तुकडी?’
त्यांनी सांगितली.
संगणकाच्या यादीत नव्हती.
वर गेले, खाली गेले, पुन्हा वर.
‘बंद झालेल्या तुकड्या यात येत नाहीत, काका.
“इतर” टाकू?’

ते रागावले नाहीत.
पिशवीतून दोनशे पानी वही काढली,
झेरॉक्सवाल्याकडून स्प्रिंग घातलेली.
आत तारखा, शेपटांवरचे नंबर,
कोण कुठल्या विमानावर, कोण परत आलं नाही,
आणि मध्येच दीड पान
पोह्यांत साखर घालणाऱ्या आचाऱ्यावरून झालेला तंटा.
‘तुकडीचा इतिहास. लिहायला सांगितलाय कुणी?’
‘लिहिणार होते ते साहेब गेले. मग मीच.’

एक पान माझ्याकडे फिरवलं.
फळीचं चित्र. फळीवर हत्यारांच्या काळ्या सावल्या :
पाना, पक्कड, हातोडी, आकाराबरहुकूम रंगवलेल्या.
काम झालं की प्रत्येक हत्यार
आपापल्या सावलीवर टांगायचं.
‘एका रात्री दहाचा पाना नव्हता. नुसती सावली.
आलिझे तयार, वैमानिक आत बसलेले, वरून हुकूम : सोडा.
पोळेकर चाकापुढे उभा राहिला.
म्हणाला, एक पाना कमी आहे.
पहाटे सापडला, चाकाच्याच कप्प्यात.’

मग पिशवीतून दुसरी फाईल.
शेडगे स्वतःसाठी आले नव्हतेच.
रामू पोळेकर श्रावणात गेले.
मुक्काम केळद, तालुका वेल्हे,
ज्या तालुक्याचंही नाव आता बदललंय,
पण त्याची पेन्शन कुणी अडवली नाही.
इथे अडली होती.
आरमाराच्या कागदावर वारस चिंगूबाई,
सुपारी फुटली तेव्हाच रामूने उत्साहाने भरून दिलेलं.
आधारवर हौसाबाई.
ताटभर तांदळात अंगठीने गिरवलेलं नाव;
तांदूळ शिजले, नाव राहिलं,
आरमाराला कळवायचं राहिलं.

नियम मला पाठ आहेत :
प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दोन साक्षीदार,
दोन्ही नावांनी तिला ओळखणारे.
‘असं कोण असणार?’
‘मी. रामूला अक्षर नव्हतं, पत्रं मी लिहायचो.
आधी चि. सौ. कां. चिंगू.
सहा महिन्यांनी सौ. हौसा.
पत्ता तेवढा बदलला, मजकूर तोच.’
दुसरी साक्षीदार तिची जाऊ.
अंगठा आधीच घेऊन ठेवलेला, शाई जरा फरकटलेली.

साडेचारच्या टपालात हौसाबाई गेल्या.
शेडगे स्वारगेटची बस धरायला निघाले.
‘माझं थांबू दे,’ म्हणाले, ‘घाई नाही.’
वही विसरले, किंवा ठेवून गेले.

सहा वाजता पडद्यावर एकच अर्ज,
रकाना नऊपाशी लुकलुकत.
साहेब जाता जाता डोकावले.
‘“इतर” टाका ना, बाई. पुढे सोडा.’

मी म्हटलं, सर,
एक पाना कमी आहे.