ताळेबंद

मार्शल गावापासून अकरा मैल, शेवटचे दोन कच्चे.
व्हर्ला केटरिंगच्या कुरणात, गुरांच्या पायवाटेच्या टोकाला
घंगाळाएवढं एक डबकं,
तळातून बुडबुडे उठतायत,
कुणी खाली बसून सावकाश बोलत असल्यासारखे.
वास सडक्या अंड्याचा. कडेला पांढरी खपली,
तिच्यावर गाईंच्या जिभांचे ओरखडे.

बाटल्या मी तीनदा विसळल्या त्याच पाण्याने.
एकीत ॲसिडचे दोन थेंब, दुसरीत काही नाही,
तिसरी काठोकाठ, हवेचा मणीसुद्धा आत नको.
तापमान, सामू, वाहकता
पेन्सिलीने लिहिलं. शाई इथे टिकत नाही.

क्लोराइड मात्र मोजलं तिच्या स्वयंपाकघरात,
मेणकापडावर,
सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत.
पिवळं पाणी दुधाळत जातं
आणि कुठल्यातरी एका थेंबाला विटेचा रंग धरतं.
तिथे थांबायचं असतं.
ती सांगत होती खापरपणज्याचं:
ओळीने मांडलेल्या लोखंडी कढया, रात्रंदिवस जाळ,
आणि मिठाच्या पोत्यांपायी संपलेलं ओकचं अख्खं रान.
मी त्या रानात होते. नक्की कुठे थांबले, आठवत नाही.

लॅबचा कागद आला.
सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम या बाजूला,
क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट त्या बाजूला.
पाणी उधारी ठेवत नाही.
धन तेवढंच ऋण, फार तर पाच टक्के इकडेतिकडे.
माझ्याकडे ऋण कमी पडलं, नऊ टक्के.
माणसांत हे चांगलं समजतात.
पाण्यात याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी नीट मोजलं नाही.

डिसेंबरात पुन्हा गेले. कुरण गोठलेलं,
डबकं तेवढं उघडं, वाफाळणारं.
या खेपेला थेंब व्हर्लाने मोजले, मोठ्याने,
गुरं मोजावीत तसे,
आणि एकशे बेचाळीसला म्हणाली, "बस."
दुसऱ्या दिवशी तिची बोटं काळी पडली.
"आठवडाभर जाणार नाही," मी फोनवर सांगितलं,
"आमच्याकडे मत दिल्यावर हीच चांदी लावतात."
"मग मी कुणाला निवडलं?" ती.

हा समुद्र आहे का, तिने विचारलं होतं पहिल्याच दिवशी.
आता सांगता आलं: मीठ समुद्राचं, पाणी नाही.
ब्रोमाइड फारच थोडं,
म्हणजे समुद्र आधीच आटून दगड झाला होता.
ऑक्सिजन हलका,
म्हणजे हे पाणी कुठल्यातरी थंड उंच डोंगरावरचं बर्फ,
पश्चिमेला, पलीकडच्या राज्यांच्याही पलीकडे वितळलेलं,
खडकात उतरून पूर्वेला निघालेलं.
वाटेत त्याला ते मीठ भेटलं.
किती वर्षं लागली? मी खांदे उडवले.
लिहायला एक आकडा आहे,
त्याच्यापुढे अधिक-उणेची खूण त्याच्याहून मोठी.

तिने खिडकीतून पश्चिमेला पाहिलं.
तिकडे शेजाऱ्याचं धान्याचं कोठार होतं फक्त.

आईला हे सगळं सांगितलं रविवारी.
आम्ही दर्यापूरचे, खारपाणपट्ट्यातले,
गोड्या पाण्याची कळशी आमच्याकडे पाहुण्यांसाठी झाकून ठेवतात,
आणि विहिरीच्या पाण्याचा चहा फाटतो.
तिने सगळं ऐकून घेतलं, बर्फ, डोंगर, हजार मैल,
आणि विचारलं,
"मंग त्या पान्यात तुरीची दाय शिजते काय?"
नाही गं, म्हटलं, नाही शिजणार.
"मंग आपल्यासारखंच हाय," ती म्हणाली,
आणि मला पहिल्यांदा वाटलं की तिला कळलं,
किंवा मला.

नवा ताळेबंद: एक पूर्णांक तीन टक्के.
वहीत नोंदलं. खाली
नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव,
आणि शेजारी, नियमात बसत नसताना,
व्ही. केटरिंग, थेंब.