वजन

दुकानातल्या मुलीनं विचारलं,
सात बाय चार, की सात बाय सात?
उद्या सांगते, म्हटलं.

घरी येऊन कपडे वाळत घालायची दोरी सोडली,
चार कोपऱ्यांना चार चमचे खोचले
आणि मागच्या गवतावर चौकोन ताणला.
मग त्यात जाऊन उभी राहिले.
ढकलगाडी इथे. बर्फाची फावडी तिथे.
बटाट्यांचं पोतं, गवत कापायचं यंत्र,
आणि माणसाला वळायला जागा नको?
ॲम्ब्रोझ खिडकीतून बघत होता.
चाळीस वर्षं होड्या बांधलेला माणूस.
त्याला फक्त चमचे दिसत होते.

"प्लास्टिक," तो म्हणाला,
रात्री, सूप निवल्यावर,
कुणाचं कुलंगडं बाहेर काढावं तशा आवाजात.

कुजत नाही, मी म्हटलं.
दर दोन वर्षांनी रंग मागत नाही.
मुंग्या पोखरत नाहीत.
हे मात्र म्हटलं नाही, की तुझी बोटं
आता शर्टाचं बटणसुद्धा
माझ्याकडून लावून घेतात.
बंदरावर धुक्याचा भोंगा वाजत राहिला.
आम्ही दोघांनी तो ऐकला.

सात बाय सात आलं, दोन खोक्यांत.
शेजारचा कोर्कम आला, त्याची नात ब्रायडी आली.
खडी पसरली, चोपली, पाणसळ ठेवली.
"झालं की सरळ," कोर्कम म्हणाला.
ॲम्ब्रोझ पायरीपर्यंत आला,
लांबूनच, नुसत्या डोळ्यांनी,
"डावीकडे पाव इंच,"
आणि आत गेला.
आम्ही पुन्हा खडी उकरली. पाव इंच.

मग भिंती एकमेकींत बसल्या, टक्, टक्,
खेळण्यातल्या घरासारख्या.
दारं मिटली आणि मधे नखभर फट राहिली नाही.
एक स्क्रू उरला.
तो मी बशीत ठेवला, कुणाला न सांगता.

नवं म्हणून आत फारसं काही ठेवलं नाही.
थोड्या कुंड्या. एक झाडू.
जमिनीला बोल्टानं जखडा,
असं पुस्तिकेच्या सातव्या पानावर होतं.
मी सहाव्यावरच थांबले होते.

नोव्हेंबरात समुद्राकडून वारा सुटला, रात्रभर.
सकाळी खडीचा चौकोन तेवढा जागेवर,
आणि ते कुंपणापलीकडे,
कोर्कमच्या कोबीत आडवं,
उताण्या कासवासारखं, दारं सताड उघडी.

चौघांनी उचलून आणलं. हलकं होतं, लाज वाटावी इतकं.
ॲम्ब्रोझनं बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकलं,
कान दिला, पुन्हा ठोकलं.
"तडा नाही," म्हणाला. थोडा नाराजच.
मग म्हणाला, "सातवं पान."
तेव्हा कळलं,
भिंग घेऊन रात्री कोण काय वाचत बसायचं.

बोल्ट कोर्कमनं मारले.
"तेवढ्यानं भागायचं नाही. वजन पाहिजे.
रिकामी वस्तू वाऱ्याच्या मालकीची."
आणि तळघराचा दिवा लागला.

आठ वर्षं तेलकट कागदात गुंडाळलेलं
एकेक वर आलं.
रंधे, लहान-मोठे सात. वाकस.
पटाश्यांची पेटी. सहाणेचं चाक.
तांब्याच्या खिळ्यांचं अर्धं पिंप,
आणि तो लोखंडी शिकंजा, ज्याच्यापायी
आमचं एकदा तीन दिवस बोलणं बंद होतं.
एका टोकाला तो, एका टोकाला मी.
मधे थांबत, धापा टाकत.
विकलं का नाहीस, असं मी विचारलं नाही.

आता भिंतींतून दुधी उजेड येतो,
प्लास्टिकचा वास जवसाच्या तेलाखाली दबलाय.
ढकलगाडी बाहेर भिजते.
तो काही बनवत नाही.
धार लावतो, पुसतो, जागेवर ठेवतो.
एकदा ब्रायडीनं रंधा मारला,
वेडावाकडा, आणि लांबलचक भुसका निघाला.
तो तिनं शाळेत नेला.

तो अजून त्याला नाव देत नाही. "ते" म्हणतो.
पण मध्यरात्री बर्फ साचायला लागला
की पलंगावर उठून बसतो,
"त्याच्या छपराला एवढं झेपायचं नाही,"
आणि अंधारात बूट चाचपतो.

नाड्या बांधायला
मी खाली वाकते.