गळलेला ठोका

आधी हात थांबतो, असं सांगतात.
मग हातोडी पडते.
मग मी.

तांबट आळीत चौतीस ऐरणी.
त्यातला एक ठोका गळला
की समोरचा रखमाजी कान टवकारतो,
मांडीवरचं घंगाळ तसंच लोटून धावत येतो.
कसब्यात माझं दुखणं
आवाजावरून नाही, गप्प होण्यावरून कळतं.

त्र्यंबकभट वैद्यांनी विचारलं,
येण्याआधी काय होतं? डोळ्यांपुढं काजवे?
कानात घोंगावणं? तोंडाला चव?
चव तांब्याची, मी म्हणालो.
ते हसले नाहीत. मीच हसलो.
तांबटाच्या तोंडात दुसरं काय असणार.
उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत
इशाराच इशारा. खरा कुठला?

पुढचं माझ्यापाशी नाही.
ते भिवरापाशी आहे, रखमाजीपाशी,
बंब घ्यायला आलेल्या त्या पागेवाल्यापाशी,
जो बंब न घेताच गेला.
माझ्या आयुष्यातले हे तुकडे
दुसऱ्यांच्या घरात ठेवलेले आहेत.
मागायला गेलो तर लोक नजर चुकवतात,
भिवरा तर पदरानं तोंडच पुसायला लागते, माझं,
पुसण्यासारखं काही नसतानाही.

वैद्यांच्या आधीही पुष्कळ झालं.
नाकाशी वहाण. मुठीत लोखंडी किल्ली.
कांद्याचा रस असा घातला
की आठ दिवस सगळा संसार कांदा.
नागझरीपलीकडच्या एकानं लिंबू उतरवलं
आणि कानशिलावर सळईचा डाग दिला.
धातू तापवणं आमचा धंदा,
मला बघूनच कळलं, सळई जास्त तापलीय.
बोललो नाही.
डाग राहिला. फेफरंही राहिलं.

म्हणतात, याच्यात कुणीतरी येतं.
शेजारची म्हातारी तर एकदा हळदकुंकू घेऊन आली,
पाय चेपून विचारती झाली, माझा लेक कधी परतेल?
खरं सांगायचं तर कुणी येत नाही.
मीच जातो.
आणि परततो तेव्हा जीभ चावलेली,
धोतर ओलं, उंबरावर तांबट पक्षी टुक टुक करत असतो
आणि घटकाभर वाटतं, मीच ठोकतोय.

वैद्यांनी नाडी बराच वेळ धरली.
वेखंड मधातून. ब्राह्मीचं तूप रोज पहाटे.
नाकात सोडायला दहा वर्षांचं जुनं तूप,
त्याच्या वासानं मांजरही घर सोडून गेलं.
मुठेवर एकट्यानं जायचं नाही.
भट्टीशी एकट्यानं बसायचं नाही.
मी म्हटलं, मग तांबटानं बसायचं कुठं?
तेव्हा त्यांनी नाडी सोडली.
"जाईल असं म्हणत नाही. लांबेल."
इतक्या वर्षांत मला खोटं न बोललेला
हा पहिलाच माणूस.

पैसे नव्हते. औषधाचं तूप कढवायला
पातेलं करून देतो म्हणालो.
तळ उतरला, काठ वळला,
आणि पोटावर शेवटचे ठोके घालताना
ते आलंच.
जाग आली तर पातेल्याच्या कुशीत
एक खोल, वेडावाकडा पोचा.
पुन्हा ठोकून सारखं करणार होतो,
वैद्य म्हणाले, राहू दे. नुसती कल्हई कर.
आता ते तूप गाळतात तेव्हा
त्या पोच्यात शेवटचं चमचाभर अडतं.
ते बोटानं निपटून पुडीत बांधतात,
म्हणतात, हे तुझं.

दोन महिने झाले, आलं नाही.
तीन होतील का, ठाऊक नाही.
लेकीच्या सोयरिकीची गोष्ट निघाली होती,
पाहुण्यांना आळीतच कुणीतरी सांगितलं.
कुणी, ते भिवराला ठाऊक आहे. मी विचारत नाही.

एक मात्र शिकलोय.
तहान लागली की उजव्या हातानं तांब्या उचलतो
आणि डाव्या हातानं
ऐरणीवर ठोकत राहतो, उगाच, रिकामं.
नाहीतर घोट गिळायच्या आत
रखमाजी दारात.