पाण्याचा दिवस सोडून

डॉक्टरांनी विचारलं, तारीख कोणती धरू?
मी म्हटलं, पाण्याचा दिवस सोडून कोणतीही.
ते हसले. कोल्हापूरकडचे असावेत.
इथं पाचव्या दिवशी नळ येतो, तोही रात्री दोनला,
हे त्यांच्या फायलीत कुठं लिहायचं?
मी बोटांवर मोजलं. सहा आठवडे वॉकर,
म्हणजे आठ पाणी.

"तरुण आहात अजून," असंही म्हणाले,
"बावन्न म्हणजे सांध्याच्या हिशेबात लवकरच.
नवा गुडघा वीस वर्षं जाईल."
बावन्न अधिक वीस, बहात्तर.
आणि मग?
अंबादास म्हणाला, तेव्हाचं तेव्हा की गं.
त्याचं सगळं असंच, तेव्हाचं तेव्हा.

विडी घरकुलात आमच्या ओळीत
ऑपरेशनला कुणी ऑपरेशन म्हणत नाही.
"वाटी बदलायलीस म्हणं?"
शहनाजभाभी भिंतीवरून विचारते.
होय, बदलायलेय.
जन्मात कुणाची वाटी रिकामी परत केली नाही,
साखर तरी घातली, नाहीतर बोटभर शेंगाचटणी.
ही मात्र तशीच देऊन टाकायची.
तीस वर्षं मशीनच्या पायट्यावर
टॉवेलांच्या कडा मारल्या तिनं.
आत उरलं असेल तर थोडं सूत.

फिजिओथेरपीची पोरगी, हिरेमठांची,
म्हणाली, मावशी, व्यायाम आत्तापासूनच.
टॉवेलाची गुंडाळी गुडघ्याखाली,
दाबायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं.
टॉवेल आहे ना घरी?
मी इतकी हसले की तिला वाटलं, कळ आली.

सेकंडमधला एक काढला.
मीच बिघडवलेला, कड वाकडी गेलेली,
कारखान्याच्या जिन्यावर पाय पहिल्यांदा लटपटला
त्या दुपारचा.
मालकानं पैसे कापले होते.
ठेवून दिला होता, कशाला ते माहीत नव्हतं.

वॉकर इरम्माकडून आला.
तिच्याकडे गाजुलांच्या घरून,
त्यांच्याकडे कुठून कोण जाणे.
दांडीवर कुणाच्या तरी नातवानं चिकटवलेला वाघ,
एका पायाचं रबर गेलेलं,
तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
"चालायला लागलीस की पुढं दे," इरम्मा म्हणाली.
गाजुलांचे म्हातारे चालायला लागले नव्हते.
ते ती बोलली नाही.
मीही नुसता धुऊन घेतला.

दोन रविवार कडक भाकरी थापल्या,
ज्वारीच्या, तीळ लावून, कागदासारख्या.
महिना महिना टिकतात.
अंबादासला भात सोडून काही येत नाही,
आणि भिवंडीहून पोरगी येणार ती पंधराच दिवस.
चवड रचली उभ्यानंच, डाव्या पायावर भार देऊन.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं.
चाळीस झाल्या.

दवाखान्यात कागदावर सही मागितली.
वाच म्हटलं, तर त्यानं मोठ्यानं वाचलं
आणि तिसरी ओळ गाळली.
मला वाचता येतं, हे तो विसरतो.
मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं,
मग सही केली, पूर्ण नावानं,
बँकेत करते तशी.

परवा ऑपरेशन. आज पाणी.
दोनला नळ खाकरला
आणि माझा पाय आपोआप खाटेखाली गेला.
"तू पड," तो म्हणाला, आणि अंधारात बादलीला धडकला.
पडून ऐकते.
आधी निळा बॅरल. तळाशी ढोल वाजतो,
मग आवाज बारीक होत वर वर येतो.
मग पितळी घागर.
खिडकीखालची टाकी तो विसरणार.
विसरला.
पुन्हा बॅरल, दुसरा.
गुडघ्याखाली टॉवेल. दाबते.
एक.
बॅरल गळ्याशी आला, मला आवाजावरून कळतं,
आता पाइप काढायला हवा.
दोन. तीन.
नाही काढला. वाहायला लागलं,
ओट्यावरून खाली, शहनाजभाभीच्या पायरीकडे.
अहो, म्हणायला तोंड उघडलं.
चार.
पाच.
सोडलं.