दोन बोटं दाब

चार दिवसांनी नळाला पाणी आलं
तरी राजमणी उठली नाही.
मांडीवर निळ्या फ्रॉकांचा ढीग,
आणि टेम्पो सकाळी सातला.
घागरी मी भरल्या.
एक घागर, एक घेर;
कधी घागर आधी, कधी आई.

नेढ्यात दोरा ओवायला तेवढी मला हाक मारते.
‘सूदि’ म्हणते, सुई म्हणत नाही.
हिशेब, शिव्या आणि सुई
तिच्या अजून तेलुगूतच आहेत.

विडी घरकुलात विड्यांची तोंडं मिटून मिटून
अंगठ्याचं नख चपटं झालंय तिचं.
त्याच नखानं ती घेराची घडी दाबते,
इस्त्रीवाल्यानं बघत राहावं अशी.

परवा कारखान्यातून मल्लेशम आला, टेप घेऊन.
‘अक्का, दाब आता एकच बोट.
कटिंगच तसं येणार.’
मोबाइलवर गुणाकार करून दाखवला,
हजार फ्रॉकांत कापड वाचतं किती.
आईनं आकडा नीट बघितला.
‘आणि पोरगी वाढली तर?’
‘नवा घेतील की.’
चहा न पिताच गेला.

माझ्या फ्रॉकला पट्टे होते.
दुसरीतला, तिसरीतला, चौथीतला,
उसवलेल्या प्रत्येक घडीतून निघालेला
ऊन न लागलेला निळा.
कांचन वल्लाळ ते मोजायची मोठ्यानं,
आणि मी दप्तर मांडीवर घेऊन बसायचे
मधल्या सुट्टीतसुद्धा.

आता एका बोटात काय मावणार?
पण शेवटच्या टाक्याला ती गाठ मारत नाही,
फास ठेवते, आत सरकवून,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
‘ओढला की सगळं सुटतं,
कात्री लागत नाही.
तिकडच्या बाईला कळेल.’
तिकडं म्हणजे कुठं, तिला माहीत नाही.
खोक्यावरचं गाव इंग्रजीत आहे;
मी वाचून दाखवलं.
‘असेल,’ म्हणाली.

रात्री तिचा झंपर घेऊन बसले.
यंदा खांद्यावरून उतरायला लागलाय.
दोन्ही कुशींना धावदोरा घातला,
बोटभर आत,
मग आणखी बोटभर.
आतलं कापड कापलं नाही.

‘गाठ मार घट्ट,’ ती अंथरुणातून म्हणाली.
मी हो म्हटलं
आणि फास ठेवला.