चौदा नंबर

गेटवरच्या रजिस्टरात
नाव, गाव, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'कारण'.
माझ्या वरच्या ओळीत कुणीतरी लिहिलंय : प्रोजेक्ट.
त्याच्या वर : प्रोजेक्ट. त्याच्याही वर : फोटो.
मी पेन धरून उभी.
लेक म्हणते, "लिही की काहीतरी, ऊन लागतंय."
मी लिहिते : झाड बघणे.

इथं आधी झाडच नव्हतं.
मुरूम, कुसळं, आणि पदर उडवणारा वारा.
आई टेंबलाईच्या टेकडीखालनं चालत यायची.
पहिल्या वर्षी खड्डे घेतले, पहारी बोथटल्या.
दुसऱ्या वर्षी रोपं लावली.
तिसऱ्या वर्षी निम्मी शेळ्यांनी खाल्ली.
बागेचा इतिहास एवढाच,
हुपरीकर सर म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.

नावं बायकांच्या ध्यानात राहणार नाहीत म्हणून
दगडांवर चुन्यानं नंबर टाकलेले.
आईच्या वाट्याला अकरा ते वीस,
दोन दोन घागरी, उन्हाळ्यात तीन.
चौदा नंबर काही केल्या धरेना.
कुणाच्या बाळाला दूध पचत नाही
असं सांगावं, तसं ती घरी येऊन सांगायची.
आम्ही भाकरी मोडता मोडता विचारायचो :
चौदा नंबर कसाय?

एकदा सरांनी कड्यावरनं काहीतरी आणलं
जेवणाच्या डब्यात, ओल्या फडक्यात.
चपात्या कागदात बांधलेल्या.
कंदीलपुष्प. फार थोडी उरलीत, म्हणाले.
आईनं वाकून बघितलं.
"ही खरतुडी न्हवं?
गुरं राखताना ह्याचे गड्डे उकरून
कच्चेच खाल्ल्यात की आम्ही, सर. गोड लागत्यात."
सर बराच वेळ गप्प.
मग वहीत काहीतरी लिहिलं,
काय ते आईला कळलं नाही,
पण दुसऱ्या दिवसापासनं त्या कुंडीचं पाणी तिच्याकडं.
"खाल्लेलं फेडतीया," म्हणायची.

आता सिमेंटची वाट, बाकडी.
लेक झाडापुढं मोबाईल धरते
आणि झाड आपलं नाव सांगतं, कुळ सांगतं,
मूळ स्थान मादागास्कर.
"एवढ्या लांबनं आलंय?"
आजीपण चालतच यायची, मी म्हणते.
ती पुढच्या झाडाकडं गेलेली असते.

चौदा नंबर पंपाच्या खोलीमागं.
दोघींचे हात मिळूनही
बुंध्याला चार बोटं कमी पडतात.
कधीकाळी कुणी पत्र्याची पाटी
खिळ्यानं ठोकलेली, ती झाडानं गिळत आणलीय.
सालीच्या दोन ओठांमधनं
'शास्त्रीय ना' एवढंच बाहेर.
पुढचं पोटात.
लेक भोवती फिरून कोड शोधते. नाही.
"मग ह्याचं नाव काय?"
मी सांगते.
"असलं कुठं नाव असतंय?"

मुळाशी दगड होते बरेच.
चुना एकावरही नव्हता.
पिशवीतनं बाटली काढून
मी अर्धी बुंध्याशी ओतली.
"आई, एवढ्यानं काय होणाराय त्याला?"
काही नाही. कपभर माती भिजली,
मुंग्या बाजूला झाल्या.

बाहेर पडताना वेळ टाकायची असते.
पावणेबारा.
तिसऱ्या खेपेला ती ह्याच वेळी
चुंबळ सारखी करत असायची.
"सही राहिली की, मॅडम,"
वॉचमन म्हणाला.